गझलेच्या साथीला टेप इको: कोणतं पेडल घ्यावं, रिपीट किती ठेवावेत?

धरमपेठी_तार | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. आमचा चौघांचा संच आहे: गायिका, हार्मोनियम, तबला आणि इलेक्ट्रिक गिटारवर मी. मराठी गझला करतो, जोडीला थोडी भावगीतं. सुरेश भटांच्या नागपुरात गझलेला श्रोता कमी पडत नाही. त्यामुळे घरगुती बैठकीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे वाजवणं होतं.

अडचण अशी आहे. हार्मोनियमचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. गिटारचा सूर छेडल्याक्षणापासून विरायला लागतो. दोन्ही एकत्र वाजले की गिटार कोरडी आणि तुटक वाटते. रिव्हर्ब (मोठ्या सभागृहासारखी घुमणारी आस) वाढवला तर गिटार भरते, पण मागे सतत एक गुंजन राहतं आणि शब्द त्यात बुडतात. गझलेत शब्दच बुडाला तर साथ कशाची करायची?

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारला जो इको ऐकू येतो, प्रत्येक प्रतिध्वनी (रिपीट) आधीच्यापेक्षा मऊ होत जाणारा, तो मला हवा आहे, पायाखालच्या डबीतून, म्हणजे पेडलमधून. पण बाजारात 'अ‍ॅनालॉग', 'टेप', 'अ‍ॅनालॉग टेप डिले' ही लेबलं सरसकट लावलेली दिसतात (डिले म्हणजे सूर उशिराने परत देणारं यंत्र). खरी टेप कशात असते? आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि मांडवातल्या विजेवर काय टिकेल? आणि गझलेच्या साथीला असा इको कुणी वापरला असेल तर सेटिंगबद्दल नक्की लिहा. वाजवतो पुढच्या पिकअपवर (तारांचा सूर उचलणारा गिटारवरचा भाग), अँपचा आवाज न फाटता, पूर्ण क्लीन.


सोल्डर_बर्डी | सोमवार, रात्री ११:०५

एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्या आधी सुट्या करू, मग खरेदीचं बोलू.

पहिली वस्तू म्हणजे खरी टेप. रेकॉर्ड हेड सूर टेपवर उमटवतं, टेप पुढे सरकते आणि थोड्या अंतरावरचं प्लेबॅक हेड तो वाचतं. हेडांमधलं अंतर भागिले टेपचा वेग, इतका उशीर. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि हेडांत ४ सेंटिमीटर अंतर असेल तर सूर साधारण २१० मिलिसेकंदांनी परत येतो. वाचलेला सूर पुन्हा थोडासा रेकॉर्ड हेडकडे पाठवला की दुसरा रिपीट मिळतो, मग तिसरा. लंडनच्या वॉटकिन्सचं कॉपीकॅट १९५८ चं. अमेरिकेत ओहायोच्या माइक बॅटल यांनी त्याच सुमारास इकोप्लेक्स घडवलं. त्यात एक हेड पट्टीवर सरकवून उशीर कमीजास्त करता येतो. रोलँडचा आरई-२०१ स्पेस इको १९७४ चा. त्यात तीन प्लेबॅक हेड आहेत, आणि टेप रिळावर न गुंडाळता सपाट कप्प्यात मोकळी वेटोळी घेत फिरते. टेपवर ताण कमी पडतो, म्हणून सूर बराच स्थिर राहतो. अलीकडच्या काळात टी-रेक्सचं रेप्लिकेटर हे खरी टेप फिरवणारं यंत्र पेडल म्हणून विकलं गेलेलं आहे, पण बोर्डावर बरीच जागा घेतं.

दुसरी वस्तू म्हणजे बकेट ब्रिगेड चिप. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोघांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली. चिपमध्ये हजारो इवले कपॅसिटर रांगेत असतात. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादली हातोहात पुढे देतात, तसा सुराचा विद्युतभार एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे जातो. टेप नाही, मोटर नाही. दुकानदार 'अ‍ॅनालॉग डिले' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ही वस्तू अपेक्षित असते. बॉसचं डीएम-२ (१९८१), इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं डीलक्स मेमरी मॅन, एमएक्सआरचं कार्बन कॉपी ही सगळी या घराण्यातली.

यांचे रिपीट मऊ का येतात ते इथे सांगतो, कारण तुमचा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे. मात्सुशिताच्या एमएन३००५ या चिपमध्ये ४०९६ टप्पे आहेत. ३०० मिलिसेकंदांचा उशीर हवा असेल तर तिचं क्लॉक, म्हणजे भार पुढे सरकवण्याचा ठोका, जेमतेम ६.८ किलोहर्ट्झवर चालवावं लागतं. क्लॉकच्या निम्म्याच्या वरचा, म्हणजे ३.४ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आत गेला तर चिप तो वाकडातिकडा करून बाहेर काढते. म्हणून तो आधीच फिल्टरने कापतात. पुढचा रिपीट पुन्हा त्याच फिल्टरमधून जातो, आणखी बोथट होतो. गायिकेच्या शब्दातली 'स', 'श', 'च' ही व्यंजनं ज्या पट्टीत कानाला टोचतात तिथे हा इको जवळपास पोचतच नाही. तुमच्या कामाची गोष्ट ती हीच.

तिसरी वस्तू म्हणजे टेपची डिजिटल नक्कल. स्ट्रायमनचं एल कॅपिस्टन, बॉसची २०२२ मध्ये आलेली आरई-२ आणि आरई-२०२. आत प्रोसेसर आहे. टेप जुनी होणं, वेग हलणं, जोरात छेडल्यावर टेप दबणं, सगळं हिशेबाने केलेलं असतं. चांगल्या पेडलात आवाज फार जवळ जातो.

तुम्ही मांडवात वाजवता, म्हणून मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वस्तूकडे वळवेन. खरी टेप आवडत असेल तर तिचा सांभाळ कसा असतो ते इथले इतवारीचे काका जास्त नीट सांगतील.


फुटाळा_पोट्टा | सोमवार, रात्री ११:३१

सोल्डर काका, मी स्वस्तातलं एक पेडल घेतलं, डब्यावर 'अ‍ॅनालॉग डिले' लिहून आहे. उघडून पाहिलं तं आत पीटी२३९९ लिहिलेली चिप निघाली. हे अ‍ॅनालॉग हाय का डिजिटल? आवाज मले आवडून राहिला, पण नेटवर लोक म्हणतात फसवणूक हाय. परत करू का?


सोल्डर_बर्डी | मंगळवार, सकाळी ९:२०

परत करू नको. चिप डिजिटल आहे हे खरं. ताइवानच्या प्रिन्सटन टेक्नॉलॉजीची, कराओकेच्या इकोसाठी बनलेली. आलेल्या सुराचे एकेक बिट करून ४४ किलोबिटच्या स्मृतीत साठवते आणि उशिराने वाचते. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत स्वच्छ चालते, त्याच्यावर ताणली की मागे खरखर चढते. पण तुझ्या पेडलवाल्याने पुढेमागे फिल्टर नीट बसवले असतील तर रिपीट मऊच येतील. आवाज आवडला ना? मग वाजव.

कोणतंही डिले तपासताना एक कर: पहिला रिपीट ऐकू नको, चौथा ऐक. पहिला सगळ्यांचा बरा असतो. फीडबॅक (रिपीट किती वेळा यावेत तो नॉब) मध्यावर ठेव, एकच सूर छेड आणि हात काढून घे. चौथ्या रिपीटमध्ये सुराची ओळख राहिली आहे का, की नुसती फसफस उरली आहे, यावर पेडल ठरतं.


इतवारी_काका | मंगळवार, दुपारी ४:४८

मी गिटारवाला नाही, पण ऑर्केस्ट्राच्या काळात टेप इकोची मशीन चालवली आहे आणि एक आजही घरी चालू स्थितीत आहे. गायकाच्या माइकला आणि लीड गिटारला एकाच मशीनमधून इको द्यायचो. सांभाळ काय असतो ते लिहितो, मग तुम्ही ठरवा.

टेप गोल असते, म्हणजे कुठेतरी जोड असतो. जोड तिरका कापून खास चिकटपट्टीने लावायचा. सरळ कापला तर प्रत्येक फेरीला 'टक' ऐकू येतो, आणि तबला शांत असताना तो टक सगळ्या सभागृहाला कळतो. हेडवर टेपची तपकिरी भुकटी बसत राहते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसायची, कार्यक्रमाआधी दर वेळी. रबराच्या रोलरला मात्र अल्कोहोल नको, रबर कोरडं पडून तडकतं. हेडमध्ये हळूहळू चुंबकत्व साठतं, त्याने वरचे सूर मरतात आणि सूंऽ वाढतो. त्यासाठी डिमॅग्नेटायझर फिरवायचा, टेप बाजूला काढून. आणि तो मशीनपासून लांब धरून चालू करायचा, लांब नेऊनच बंद करायचा.

आता नागपूरचं. नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मशीनचे दोन शत्रू असतात. एक ऊन. रोलरचं रबर कडक होतं, टेप घसरते, सूर डगमगतो. दुसरा कुलर. लोक ऊन टाळायला मशीन कुलरसमोर ठेवतात आणि ओली हवा थेट टेपवर जाते. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. अशी टेप हेडला चिकटून किंचाळते. मशीन कुलरच्या झोतात ठेवू नका, पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या घालून पेटीत ठेवा, आणि टेप नवीच लावा.

बाहेरून आणलेल्या मशीनबद्दल आणखी एक. अमेरिकेतली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. इथे ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ ५० च राहतात. ज्यांची मोटर थेट एसीवर फिरते त्या मशीन इथे सहातला एक हिस्सा हळू चालतात. ३०० चा उशीर ३६० होतो. काही वादकांना तो लांब उशीर आवडतोही, पण घेण्याआधी माहीत असावं.

एवढं सगळं का करायचं? कारण टेपला जोरात दिलेला सूर आणि हळू दिलेला सूर ती वेगळा परत करते. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर दबलेला, गोल. बोटाचा वजनफरक इकोतही उतरतो. सतारियाला किंवा सरोदियाला हे लगेच कळेल.


सहा_तारा_सदर | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

काकांना +१. असं लिहिणारे फार कमी राहिले आहेत.

मी रॉक वाजवतो, म्हणून माझं मत इथल्या इतरांपेक्षा वेगळं पडेल. मला टेपमधली ती हलकी थरथर हीच तिची जान वाटते. वेगात सावकाश होणारा बदल म्हणजे वॉव, भरभर होणारा म्हणजे फ्लटर. नुसत्या डिजिटल डिलेचा रिपीट मूळ सुराची हुबेहूब प्रत असतो, म्हणून तो मूळ सुराशी भांडतो. टेपचा रिपीट थोडा हललेला, थोडा मळलेला असतो, तो मागे जाऊन बसतो आणि पुढचा सूर मोकळा राहतो. क्वीन या रॉक बँडच्या ब्रायन मे यांनी इकोप्लेक्सवर उशीर वाढवून स्वतःच्याच गिटारवर दुसरी आणि तिसरी गिटार चढवली. ती जागा सपाट रिपीटने मिळाली नसती असं मी खात्रीने म्हणेन. तेव्हा धरमपेठी, एल कॅपिस्टनसारखं पेडल घे, वॉव अर्ध्याच्या वर ने, रिपीट चार-पाच येऊ दे. गिटार भरून जाईल.

इकोप्लेक्सबद्दल एक भर. १९७० च्या ईपी-३ मॉडेलचा प्रीअँप (आलेला सूर आधी थोडा मोठा करणारा भाग) लोकांना इतका आवडतो की इको बंद ठेवूनही गिटार त्यातून नेतात. नुसत्या त्या प्रीअँपची पेडलं निघाली आहेत. तुझी गिटार 'कोरडी' वाटते त्यातला काही भाग इकोआधी अशा बूस्टने सुटेल.


मध्यलय | मंगळवार, रात्री ९:५०

मी गाते. गिटार वाजवत नाही, म्हणून गाणाऱ्याच्या जागेवरून लिहिते.

शेर कसा मांडला जातो ते बघा. उला मिसरा (शेराची पहिली ओळ) गायला, पुन्हा गायला, वेगळ्या जागेने परत घेतला. ऐकणारा थांबलेला असतो, की आता काय येणार. मग सानी मिसरा (दुसरी ओळ) येतो आणि त्याच्या शेवटाकडे काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, पडतो. सगळा शेर त्या एका शब्दासाठी रचलेला असतो. तो शब्द नवा असतो, ऐकणाऱ्याने तो आधी ऐकलेला नसतो. त्याच्यावर इकोची शेपूट आली तर शेर गेला. दाद येते ती अर्धी येते, कारण मागच्या रांगेला शब्दच कळलेला नसतो.

रदीफ, म्हणजे काफियानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द, मात्र वेगळी. ती मतल्यातच (गझलेच्या पहिल्या शेरात) दोनदा येऊन गेलेली असते, पुढे प्रत्येक शेरात तीच येते. तिथे गिटारचा सूर मागे रेंगाळला तर काही बिघडत नाही, उलट सुंदर वाटतं, कारण शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आधीच आहे. म्हणजे इकोची जागा गझलेने ठरवून दिलेली आहे: उला संपल्यावरच्या मोकळ्या जागेत, आणि रदीफेच्या मागे. काफियाच्या आधी सगळं शांत.

सदरच्या दादांनी चार-पाच रिपीट म्हटलं. उशीर ४०० धरला तर पाचवा रिपीट दोन सेकंदांनी येतो. तेवढ्यात माझा सानी मिसरा सुरू झालेला असतो. माझ्या साथीदाराला मी दोनच रिपीट मागेन, तेही ऐकू येतात न येतात असे.


भाता_आणि_सूर | मंगळवार, रात्री १०:३०

ताईंना पूर्ण अनुमोदन, आणि थरथरीबद्दल हार्मोनियमवाल्याची हरकत नोंदवतो.

हार्मोनियमची पत्ती हलत नाही. ती ४४० वर लावली आहे म्हणजे ४४० वरच आहे. गिटारचा रिपीट वॉवमुळे अर्धा टक्का जरी वर गेला तरी तो ४४२ झाला. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन ठोके पडतात, आवाज वावावा होतो. ड्रम आणि बासच्या गदारोळात हे कुणाला जाणवत नाही. पण बैठकीत, तानपुरा चालू असताना, पाच फुटांवर बसलेल्या माणसाला गिटार बेसूर वाटते, आणि दोष वादकाच्या कानाला लागतो.

दुसरं, सुरांची गर्दी. जोगसारख्या रागावर बांधलेली चाल घ्या. वर जाताना शुद्ध गंधार, उतरताना कोमल. डिले चालू असेल तर तुम्ही कोमल गंधारावर पोचता तेव्हा शुद्ध गंधार मागे अजून वाजत असतो. दोन्ही गंधार एकमेकांना घासतात. पाश्चात्त्य पद्धतीत त्याची एक गंमत असेल, इथे त्या घासण्याने राग पुसला जातो.


सहा_तारा_सदर | बुधवार, सकाळी ८:४०

भाता, हार्मोनियमच्या ठोक्यांचा हिशेब पटला. आमच्या बँडमध्ये धरून ठेवलेला अचल सूर नसतो, म्हणून तिथे ते कधी खटकलं नाही. तानपुरा असेल तिथे वॉव शून्याजवळ, मान्य.

पण गंधारावर उपाय आहे. डिलेच्या आधी व्हॉल्यूम पेडल लाव. नेहमी जागेवर असलेलं नाही, पायाखाली हलतं राहणारं. ज्या सुराला इको हवा त्या सुरालाच पेडल उघडायचं, इतर वेळी अर्धं बंद. डिले नंतर असल्यामुळे आधी गेलेल्या सुरांचे रिपीट चालूच राहतात, कापले जात नाहीत. षड्ज आणि पंचमाला इको द्यायचा, दोन्ही गंधार दबके ठेवायचे, म्हणजे त्यांचा इको ऐकू येण्याइतका उरत नाही. पेडल नसेल तर गिटारच्याच व्हॉल्यूम नॉबवर करंगळीने हे जमतं, सरावाने. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेताना तर हे फारच उपयोगी: मींड दबकी जाऊ द्यायची आणि ती ज्या सुरावर टेकते तिथे नॉब उघडायचा.


ठेका_धरून | बुधवार, दुपारी १:०५

उशीर किती ठेवायचा यावर कुणी लिहिलं नाही म्हणून तबल्याकडून लिहितो.

सूत्र सोपं. ६०,००० भागिले मिनिटाच्या मात्रा, आलं ते एका मात्रेचे मिलिसेकंद. दादरा मिनिटाला १५० मात्रांनी चालला आहे तर मात्रा ४०० ची. उशीर ४०० ठेवला तर प्रत्येक रिपीट ठेक्याच्या बोलावर पडतो आणि तबल्याखाली झाकला जातो. काही वेळा तेच हवं असतं. पण ६०० ठेवून बघा, म्हणजे दीड मात्रा. सहा मात्रांचं आवर्तन चार सारख्या तुकड्यांत कापलं जातं. तबला तीन-तीन म्हणतो आणि गिटारचे रिपीट त्यावरून आडवे चालतात, तरी समेवर दोघं एकत्र येतात. फार गोड लागतं. केहरवा २०० च्या चालीवर असेल तर मात्रा ३०० ची आणि दीड मात्रा ४५०. दोन मात्रांची एक पाव नोट धरली तर रॉकवाले पाव नोटेचा पाऊणपट उशीर लावतात तो हाच.

आता अडचण. आपल्याकडे क्लिक (लय बांधून ठेवणारा यांत्रिक ठोका) लावून कुणी गात नाही. गाणारी रंगात आली की लय चढते, आणि चढलीच पाहिजे. १५० ची १६० झाली तर मात्रा ३७५ ची होते. तुमचं पेडल ४०० वर बसलेलं. पहिला रिपीट २५ मिलिसेकंद मागे, तिसरा ७५ मागे. पहिला चालून जातो, तिसरा कानात खडा लागतो. म्हणून रिपीट दोनच ठेवा, हे ताईंचं म्हणणं लयीच्या बाजूनेही बरोबर आहे. टॅप टेंपो असलेलं पेडल असेल तर प्रत्येक अंतऱ्याआधी पायाने लय नव्याने द्यायची.

आणि लयीचा विचारच नको असेल तर उशीर १२० ते १४० मध्ये आणा, रिपीट एकच. एवढा जवळचा इको तालाशी भांडत नाही. नुसता सूर जाड करतो.


फुटाळा_पोट्टा | बुधवार, दुपारी १:४०

ठेका दादा, दीड मात्रावालं आत्ताच लावून पाहिलं. माह्या पेडलवर ६०० होतच नाही, पण ४५० वर केहरवा मोबाईलवर लावून वाजवला. मागे खरखर हाय थोडी, तरी काय वाजून राहिलं बाप्पा! इतके दिवस मी नुसता नॉब फिरवत होतो.


धरमपेठी_तार | रविवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. एका मित्राकडून बकेट ब्रिगेडचं पेडल आणि दुसऱ्याकडून टेपची नक्कल करणारं डिजिटल, अशी दोन्ही आणली आणि तालमीला लावली. आमच्या गायिकेला हा धागा वाचायला दिला होता. मध्यलय ताई, तुमचा काफिया-रदीफचा मुद्दा वाचून तिने सगळ्या गझलांच्या कागदांवर काफियाखाली माझ्यासाठी रेघा मारल्या.

काय ठरलं ते लिहितो. मिक्सचा नॉब (मूळ सुरात इको किती मिसळायचा तो) घड्याळातल्या नऊच्या जागेपर्यंत, त्याच्या वर नाही. फीडबॅक असा की दोन रिपीट कळतात आणि तिसरा हार्मोनियमखाली जातो. संथ दादऱ्याला दीड मात्रा, चढत्या लयीच्या केहरव्याला १३० चा एकच जवळचा रिपीट. विनाताल म्हटलेल्या पहिल्या शेराला उशीर थोडा लांब, तिथे लय पाळायची नसते. डिजिटलवर वॉव पूर्ण बंद केला तेव्हा हार्मोनियमशी भांडण संपलं, पण मग त्यात आणि बकेट ब्रिगेडमध्ये आमच्या कामापुरता मला फारसा फरक राहिला नाही. बकेट ब्रिगेडचा चौथा रिपीट मला जास्त आवडला. तेच घेतोय. करंगळीने नॉब उघडण्याची सवय अजून हाताला लागायची आहे, पण सदर, या धाग्यातून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. आता कोणत्या सुराला इको मिळणार हे मी ठरवतो.

एक त्रास उरला. तालमीच्या खोलीत कुलर लावला की घूंऽऽ येतं, आणि डिले चालू केल्यावर त्याच्यावर एक बारीक शिट्टी. दोन्ही पेडलं एकाच अडॅप्टरवरून, साखळीने जोडलेली आहेत.


सोल्डर_बर्डी | रविवार, रात्री १०:०२

दोन वेगळे आजार आहेत.

घूंऽऽ हा कुलरच्या मोटरचा. सिंगल कॉइल पिकअप चुंबकीय क्षेत्र उचलतो. गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरा, एका दिशेला तो जवळजवळ मरेल. त्या दिशेला तोंड करून बसा. कुलर आणि तुमच्यात अंतर वाढवा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर हेही तितकेच त्रास देतात, ते पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवा.

शिट्टी साखळीची. डिजिटल पेडलचं क्लॉक अडॅप्टरच्या तारेतून बकेट ब्रिगेडमध्ये शिरतं, तिथल्या क्लॉकशी त्याचं जुळत नाही आणि दोघांमधल्या फरकाची शिट्टी ऐकू येते. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या. अ‍ॅनालॉग डिलेला थोडेच मिलिअँपिअर लागतात. टेपची नक्कल करणाऱ्या पेडलांना अडीचशे-तीनशेपर्यंत लागू शकतात. पेडलच्या मागचा आकडा आणि सप्लायवरचा आकडा जुळवून बघा.

मांडवात वाजवता म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हम (ते घूंऽऽ) जावा म्हणून काही जण अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसं कधी करू नका, आणि कुणी केलेलं दिसलं तर वाजवू नका. तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकजवळ असतात. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर झटका छातीतून जातो. मांडववाल्याकडून अँप आणि साउंडची लाइन एकाच बोर्डावरून मागा, आणि सुरू करण्याआधी तारा आणि माइकची जाळी यांच्यामधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा.


मध्यलय | रविवार, रात्री १०:४५

धरमपेठी, काफियाखाली रेघा मारण्याची कल्पना मी माझ्या साथीदारांसाठी उचलते आहे. तुमच्या गायिकेला माझा नमस्कार सांगा.


इतवारी_काका | सोमवार, सकाळी ७:३०

धरमपेठी, निवड योग्य केली. मंचावर टेप आणूच नका.

पण रेकॉर्डिंग करणार असाल तर कळवा. माझ्या मशीनवर नवी टेप चढवून ठेवतो. गिटार कोरडी, वेगळ्या ट्रॅकवर घेऊन या, इको न लावता. ती नंतर मशीनमधून पाठवू आणि परत आलेला इको आणखी एका ट्रॅकवर घेऊ. म्हणजे प्रत्येक काफियाच्या आधी इकोचा आवाज हाताने खाली ओढता येईल आणि रदीफेवर परत सोडता येईल. गायिकेलाही सोबत आणा. कुठे ओढायचं आणि कुठे सोडायचं ते तिनेच सांगावं. फक्त दिवाळीनंतर या, हवा कोरडी झाली की.